'मनोधैर्य' ते 'लाडकी बहीण' : महिला सुरक्षा व सक्षमीकरणाच्या शासकीय योजनांची मानसशास्त्रीय चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रात स्त्रीच्या सुरक्षिततेचा विचार शासनाच्या दप्तरी येण्याच्या कितीतरी आधी समाजसुधारकांनी तो कृतीत आणला होता. १८६३ मध्ये महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवेने तेथे यावे, गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे आणि मूल सोबत न्यावे की तेथेच ठेवावे हे तिने आपल्या मर्जीने ठरवावे, अशी त्या गृहाची रीत होती. आश्रय देताना निर्णय तिच्याच हाती ठेवावा, हे तत्त्व या रीतीत अनुस्यूत होते. दीडशेहून अधिक वर्षांनंतर आपल्या शासकीय योजनांची चिकित्सा करताना हेच तत्त्व कसोटी म्हणून उपयोगी पडते.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये स्वतंत्र महिला धोरण जाहीर केले. असे धोरण आखणारे हे देशातील पहिले राज्य होय. त्यानंतर २००१, २०१४ व २०२४ मध्ये नवी धोरणे आली. या काळात योजनांची संख्या वाढली, निधी वाढला, लाभार्थींच्या याद्याही वाढल्या. या योजनांचे मूल्यमापन मात्र बहुधा किती रक्कम वाटली, किती गट स्थापन झाले, किती शिबिरे झाली या आकड्यांवरच थांबते. योजनेतून गेलेल्या स्त्रीला स्वतःविषयी काय वाटू लागले, हा प्रश्न अहवालाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. प्रस्तुत लेखात निवडक योजनांचा या प्रश्नाच्या अंगाने विचार केला आहे. योजनेचा मानसिक परिणाम तिच्यातील रकमेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ती योजना स्त्रीला कोणत्या भूमिकेत उभी करते यावर अवलंबून असतो, असे प्रस्तुत लेखिकेचे प्रतिपादन आहे.

मानसशास्त्रीय भूमिका

या चिकित्सेसाठी तीन संकल्पनांचा आधार घेतला आहे. पहिली संकल्पना 'अर्जित असहायता' ही होय. मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून ती मांडली. आपण काहीही केले तरी त्रास टळत नाही असा अनुभव वारंवार आला की प्राणी सुटकेचा प्रयत्नच सोडून देतो, असे त्यांना आढळले. विशेष म्हणजे, मेंदूविषयक नव्या संशोधनाच्या आधारे या दोघांनीच २०१६ मध्ये आपल्या सिद्धांताची फेरमांडणी केली. दीर्घकाळच्या त्रासापुढे निष्क्रिय होणे ही मूळ प्रतिक्रिया असून, परिस्थितीवर आपले नियंत्रण चालते ही जाणीव शिकावी लागते, असे ते आता सांगतात. स्त्रियांच्या योजनांच्या दृष्टीने ही दुरुस्ती महत्त्वाची आहे. केवळ त्रास थांबवल्याने आत्मविश्वास परत येत नाही. आपल्या कृतीने काही बदलते हा अनुभव मिळावा लागतो.

दुसरी संकल्पना अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली 'स्वक्षमतेची जाणीव' ही आहे. ही जाणीव चार मार्गांनी घडते : स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्या व्यक्तीने ते पार पाडलेले पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांपैकी पहिला मार्ग सर्वांत प्रभावी मानला जातो. तिसरी संकल्पना नायला कबीर यांच्या १९९९ च्या मांडणीतील आहे. संसाधने, कर्तृत्व व निष्पत्ती या तिहींच्या परस्परसंबंधातून सक्षमीकरण घडते, असे त्या मानतात. येथे कर्तृत्व म्हणजे आपले ध्येय स्वतः ठरवून त्यानुसार वागण्याची क्षमता.

या आधारे प्रत्येक योजनेला तीन प्रश्न विचारता येतात. योजनेच्या दारात येण्यासाठी स्त्रीला कोणाची संमती लागते? आत आल्यावर निर्णय कोण घेते? आणि तिच्या कृतीला वेळेत प्रतिसाद मिळतो काय?

सुरक्षेच्या योजना आणि धोक्याचे ठिकाण

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर केंद्र शासनाने २०१३ मध्ये १,००० कोटी रुपयांच्या तरतुदीने निर्भया निधी उभारला. त्यातून व राज्यांच्या निधीतून सीसीटीव्ही, वाहनांतील आपत्कालीन बटणे, मदतवाहिन्या, पोलीस पथके असे अनेक उपक्रम पुढे आले. त्यांची गरज नाकारता येणार नाही. तथापि या उपक्रमांतील बराच भाग 'धोका रस्त्यावर आहे व तो अनोळखी पुरुषाकडून आहे' या गृहीतकावर उभा आहे.

उपलब्ध आकडेवारी वेगळे चित्र दाखवते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा, म्हणजे सुमारे ३१ टक्के, वाटा पती व नातेवाइकांकडून झालेल्या क्रूरतेचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितल्याचे आढळले. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कोणापाशी त्याविषयी वाच्यताही केली नाही. त्याच सर्वेक्षणात, काही कारणांसाठी पतीने पत्नीला मारणे योग्य आहे असे ४५ टक्के स्त्रियांनी सांगितले.

हे शेवटचे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. हिंसा सोसणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना मदतवाहिनीचा क्रमांक ठाऊक नसतो एवढेच त्यांच्या मौनाचे कारण नाही. सांगून काही होणार नाही हा पूर्वानुभव आणि जे घडते ते चुकीचे नाही ही घडवलेली धारणा, अशी दोन कुलपे त्या मौनाला असतात. केवळ बटण, ॲप किंवा कॅमेरा यांनी ती उघडत नाहीत.

याउलट सुरक्षेच्या प्रचाराचा एक अनिष्ट मानसिक परिणाम संभवतो. 'एकटीने जाऊ नका', 'अंधार पडण्यापूर्वी घरी या' अशा सूचना सातत्याने ऐकणाऱ्या मुलीच्या मनात सुरक्षितता ही तिची स्वतःची जबाबदारी ठरते आणि अत्याचार घडलाच तर दोषाची भावनाही तिच्याच वाट्याला येते. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'व्हाय लॉयटर?' या मुंबईविषयक अभ्यासात याच मुद्द्याची चर्चा आहे. सार्वजनिक जागेत विनाकारण वावरण्याचाही स्त्रीला हक्क आहे, अशी मांडणी त्यांनी केली. भीतीच्या आधारे उभारलेली सुरक्षा स्त्रीचे जग लहान करते, हा त्यांच्या प्रतिपादनातून निघणारा निष्कर्ष आपल्या योजनाकारांनी गांभीर्याने घ्यावयास हवा.

'मनोधैर्य' : नाव आणि आशय

महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू केलेल्या मनोधैर्य योजनेचे नावच स्त्रीच्या मनाला केंद्रस्थानी ठेवते. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व ॲसिड हल्ला यांना बळी पडलेल्या स्त्रिया व बालकांना अर्थसाहाय्य, निवारा, समुपदेशन, वैद्यकीय व कायदेविषयक मदत द्यावी, अशी तिची रचना आहे. प्रारंभी साहाय्याची मर्यादा ३ लाख रुपयांपर्यंत होती. २०१७ मध्ये सुधारणा होऊन ती १० लाखांपर्यंत वाढली आणि अंमलबजावणीत विधी सेवा प्राधिकरणाला स्थान मिळाले. अत्याचारानंतरच्या मानसिक आघाताची दखल राज्याने योजनेच्या पातळीवर घेतली, हे या योजनेचे ऐतिहासिक महत्त्व होय.

परंतु नाव व आशय यांत अंतर राहिले आहे. योजनेविषयीची सार्वजनिक चर्चा, विधिमंडळातील प्रश्न, वृत्तपत्रांतील बातम्या हे सर्व प्रामुख्याने रकमेभोवती फिरते. रक्कम मोजता येते. समुपदेशनाची प्रत मोजणे अवघड असते. परिणामी योजनेतील 'मन' हा घटक दुय्यम ठरतो. योजनेचा प्रवेश पोलिसांतील गुन्ह्याच्या नोंदीशी जोडलेला असल्यामुळे, ज्या स्त्रीला तक्रार करावी की नाही हेच ठरवण्यासाठी धीराची गरज आहे, तिच्यापर्यंत हे मनोधैर्य पोहोचत नाही. तक्रारीनंतर कागदपत्रे, मंजुरी व न्यायालयाच्या तारखा यांत काळ जातो. या प्रवासात स्त्रीला आपला अनुभव पोलीस, डॉक्टर, वकील, अधिकारी अशा अनेकांपुढे पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. आघाताच्या मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात, अत्याचारात स्त्रीचे स्वतःवरील नियंत्रण हिरावले जात असल्याने ते तिच्याकडे परत सोपवणे हा उपचाराचा पाया मानला आहे. त्या दृष्टीने पाहता, कार्यालयीन प्रक्रियेत पुन्हा एकदा 'तुमच्याविषयी आम्ही ठरवू' हाच अनुभव येणार असेल, तर रक्कम मिळूनही मनाला धैर्य मिळेलच असे म्हणता येत नाही.

साहाय्याचा मोठा हिस्सा मुदत ठेवीत ठेवण्याची तरतूद या संदर्भात विचारणीय आहे. नातेवाइकांनी रक्कम काढून घेऊ नये हा तिचा हेतू स्तुत्य आहे. अल्पवयीन मुलींच्या बाबतीत ती आवश्यकच म्हणावी लागेल. पण सज्ञान स्त्रीला गाव बदलायचे असेल, शिक्षण घ्यायचे असेल किंवा छोटा व्यवसाय उभारायचा असेल, तर तिच्या नावावरील पैसा तिच्या निर्णयाबाहेर राहतो. संरक्षण व स्वायत्तता यांतील हा ताण नियमांतून पूर्णतः सुटणार नाही. निदान तिचे म्हणणे ऐकून अपवाद करण्याची सुलभ सोय असावी, एवढी अपेक्षा रास्त ठरते.

ऐकून घेणारी व्यवस्था : विशेष कक्षाचा धडा

महाराष्ट्राच्या अनुभवात याला एक आशादायक पर्याय उपलब्ध आहे. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. पोलीस यंत्रणेच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसवण्याचा हा प्रयोग पुढे शासनाने स्वीकारला व राज्यभर त्याचा विस्तार झाला. हिंसा सोसणाऱ्या स्त्रीचे म्हणणे प्रथम पूर्ण ऐकावे, तिच्यापुढील पर्याय मांडावेत आणि पुढचे पाऊल तिने ठरवावे, ही त्याची कार्यपद्धती आहे. पोलीस ठाण्याचा अधिकार व समाजकार्यकर्तीचा विश्वास एकाच छताखाली आल्यामुळे 'आपल्या बोलण्याने काही घडले' हा अनुभव स्त्रीला येऊ शकतो. फेरमांडणीनंतरच्या सेलिगमन-मायर सिद्धांताच्या भाषेत सांगायचे तर, येथे नियंत्रणाची जाणीव शिकण्याची संधी आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याने संरक्षण अधिकारी हे पद निर्माण केले आणि सामाईक घरात राहण्याचा स्त्रीचा हक्क मान्य केला. घर सोडावे लागेल ही भीती मौनाच्या मुळाशी असते, हे ओळखणारा हा कायदा मानसशास्त्रीयदृष्ट्याही प्रगत आहे. परंतु संरक्षण अधिकाऱ्याचे काम अनेक ठिकाणी आधीच कामाने वाकलेल्या कर्मचाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून येते. २०१५ पासून सुरू झालेल्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय, पोलीस, कायदेविषयक व मानसिक-सामाजिक मदत एका ठिकाणी मिळावी अशी कल्पना आहे. तिचे यशही तेथील समुपदेशिका किती काळ टिकते, तिचे मानधन वेळेवर होते काय व स्त्रीला बोलण्यासाठी बंद दाराची खोली आहे काय, अशा साध्या गोष्टींवर ठरते. कंत्राटी व अस्थिर नोकरीत असलेल्या कार्यकर्तीने दुसऱ्या स्त्रीला स्थैर्याचा धीर द्यावा, ही अपेक्षा विसंगत आहे.

बचत गट : सामर्थ्य आणि ओझे

सक्षमीकरणाच्या योजनांत स्वयंसहायता बचत गटांचे स्थान अग्रक्रमाचे आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे 'माविम'ने, राज्यात या चळवळीचे जाळे विणले. 'तेजस्विनी' कार्यक्रम व लोकसंचालित साधन केंद्रे यांतून त्याला संस्थात्मक रूप आले. पुढे 'उमेद' अभियानाने त्याचा ग्रामीण विस्तार केला.

बांडुरा यांनी सांगितलेले मार्ग बचत गटात एकत्र येतात. बँकेत स्वतः जाऊन सही करणे, हिशेब लिहिणे, बैठकीत बोलणे हे पार पाडलेल्या कामाचे अनुभव आहेत. शेजारची बाई सरपंचपदाच्या निवडणुकीस उभी राहिलेली पाहणे हा दुसरा मार्ग झाला, आणि मैत्रिणींचा धीर हा तिसरा. घराबाहेर पडण्यास समाजमान्य निमित्त मिळते, हा लाभही मानसिकदृष्ट्या थोडा नाही. राज्याने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण दिले. त्या जागांसाठी आवश्यक आत्मविश्वास घडवण्यात गटांच्या बैठकांचा वाटा मानावा लागतो.

तथापि गटाची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. कर्ज स्त्रीच्या नावावर आणि वापर घरातील पुरुषाच्या हाती, असे घडते तेव्हा संसाधन तिचे आणि कर्तृत्व दुसऱ्याचे अशी विपरीत स्थिती निर्माण होते. हप्ता चुकला तर गटासमोर लाज वाटण्याची वेळ मात्र तिच्यावर येते. जी सामूहिकता धीर देते तीच परतफेडीच्या काळात दडपण बनू शकते. शिवाय घरकाम, शेतीकाम, बैठका व शासकीय मोहिमा यांचा भार एकाच स्त्रीवर पडतो. गटाचे मूल्यमापन केवळ परतफेडीच्या टक्केवारीवर करणे म्हणूनच अपुरे आहे. कर्ज कशासाठी घ्यायचे हे कोणी ठरवले, ही नोंदही हवी.

दोन थेट लाभ : एस.टी.ची सवलत आणि 'लाडकी बहीण'

१७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेअंतर्गत एस.टी.च्या तिकिटात स्त्रियांना ५० टक्के सवलत मिळू लागली. तीसाठी अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, कोणाची सही नाही. स्त्री बसमध्ये चढते आणि हक्क वापरते. माहेरी, दवाखान्यात, बाजारात वा महाविद्यालयात जाण्याचा निर्णय घेताना घरातील पुरुषाकडे मागावयाची रक्कम निम्मी झाली, हा केवळ आर्थिक बदल नव्हे. आपल्या तीन प्रश्नांच्या कसोटीवर ही साधी योजना चांगली उतरते.

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत २१ ते ६५ वयोगटातील व अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये थेट बँक खात्यात देण्याची तरतूद झाली. स्वतःच्या खात्यात दरमहा येणाऱ्या रकमेचे मोल, ज्या स्त्रीच्या हाती कधीच पैसा नव्हता तिलाच कळते. या रकमेची 'खैरात' म्हणून टवाळी करणारी टीका अन्यायकारक आहे. स्त्रीच्या बिनमोल घरकामाचा विसर पडल्याखेरीज अशी टीका करता येत नाही.

आक्षेप आहे तो योजनेच्या भाषेवर व रचनेवर. नागरिक म्हणून हक्क आणि बहीण म्हणून ओवाळणी या दोहोंत मानसशास्त्रीय फरक आहे. हक्क मागता येतो, ओवाळणीबद्दल कृतज्ञ राहावे लागते. हक्क थांबला तर जाब विचारता येतो, ओवाळणी थांबली तर आपलेच काही चुकले असे वाटते. पुढे २०२५ मध्ये पडताळणीसाठी आणलेल्या ई-केवायसी प्रक्रियेत विवाहित स्त्रीला पतीचा व अविवाहितेला वडिलांचा आधार क्रमांक द्यावा लागला. पती-वडील हयात नसलेल्या व घटस्फोटित स्त्रियांची त्यामुळे अडचण झाली आणि त्यांच्यासाठी नंतर वेगळी सोय करावी लागली. उत्पन्न कुटुंबाचे मोजायचे असल्यामुळे ही माहिती आवश्यक होती, हा प्रशासकीय युक्तिवाद समजण्यासारखा आहे. परंतु पतीपासून दूर राहणाऱ्या, त्याच्या हिंसेला कंटाळून निघालेल्या स्त्रीला त्याच्याच क्रमांकासाठी त्याच्या दारात जावे लागणे, हे सक्षमीकरणाच्या नेमके उलट आहे. त्याच राज्याने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव समाविष्ट करण्याचा निर्णय घेतला होता, हे ध्यानात घेता ही विसंगती अधिकच जाणवते.

महाविद्यालयांची जबाबदारी

या चर्चेत आपण अध्यापकवर्ग केवळ निरीक्षक नाही. महाविद्यालयातील महिला विकास कक्ष, २०१३ च्या कायद्यानुसारची अंतर्गत तक्रार समिती, राष्ट्रीय सेवा योजना, 'निर्भय कन्या'सारखी अभियाने यांच्याद्वारे शासनाचे धोरण विद्यार्थिनींपर्यंत आपणच पोहोचवतो. एक दिवसाचे स्वसंरक्षण प्रशिक्षण, पाहुण्यांचे व्याख्यान, उपस्थितीपत्रक, छायाचित्रे व अहवाल एवढ्यावर उपक्रम पूर्ण झाला असे मानण्याची सवय सर्वत्र दिसते. मूल्यांकनाच्या फायलीला ते पुरते. पण ज्या विद्यार्थिनीने व्याख्यान ऐकून धीर एकवटला व दुसऱ्या दिवशी तक्रार सांगितली, तिला 'परीक्षा जवळ आली आहे, विषय वाढवू नकोस' असे उत्तर मिळाले, तर बांडुरांचा पहिला मार्ग तेथेच बंद होतो. अशी एक घटना वर्गातील इतर पन्नास मुलींनाही गप्प राहण्यास शिकवते, कारण दुसऱ्याच्या अनुभवातून अपयशही शिकले जाते. तसेच हे उपक्रम केवळ मुलींसाठी घेतल्याने, हिंसा हा मुलींचा प्रश्न असून मुलांना त्याविषयी शिकण्यासारखे काही नाही, असा संदेश आपल्याही नकळत जातो.

निष्कर्ष व सूचना

१) केंद्र शासनाच्या मिशन शक्तीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सुरक्षेसाठी 'संबल' व सक्षमीकरणासाठी 'सामर्थ्य' अशी विभागणी आहे. प्रशासनाच्या सोयीसाठी ती योग्य असली तरी स्त्रीच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या नसतात. निर्णय घेता येतो अशी खात्री वाटली की सुरक्षित वाटते, आणि सुरक्षित वाटले की निर्णय घेता येतो. जिल्हा पातळीवर सखी केंद्र, संरक्षण अधिकारी व बचत गटांचे महासंघ यांची नियमित एकत्र बैठक व्हावी.

२) मनोधैर्य योजनेतील समुपदेशन गुन्ह्याच्या नोंदीपूर्वीही उपलब्ध असावे. तक्रार करण्याचा वा न करण्याचा निर्णय स्त्रीने घ्यावा, मात्र तो एकटीने घ्यावा लागू नये.

३) कोणत्याही योजनेचा लाभ घेताना स्त्रीची ओळख पती वा वडिलांच्या कागदपत्रांवर अवलंबून राहू नये. कौटुंबिक उत्पन्नाची पडताळणी शासनाने आपल्या यंत्रणेद्वारे करावी.

४) समुपदेशिका, समाजकार्यकर्त्या व संरक्षण अधिकारी यांची पदे नियमित व पूर्णवेळ असावीत.

५) मूल्यमापनाच्या प्रपत्रात निर्णय कोणी घेतला, प्रतिसादास किती दिवस लागले व स्त्रीला आपला अनुभव किती जणांपुढे सांगावा लागला, या तीन नोंदींचा समावेश व्हावा.

६) महाविद्यालयांनी उपक्रमांच्या संख्येऐवजी आलेल्या तक्रारींना मिळालेल्या प्रतिसादावरून आपल्या कक्षांचे परीक्षण करावे व विद्यार्थ्यांनाही या उपक्रमांत सामील करून घ्यावे.

शासकीय योजना स्त्रीला काहीच देत नाहीत, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. त्या पैसा देतात, निवारा देतात, कायद्याचे कवच देतात. मात्र हे देताना लाभार्थी, पीडिता किंवा बहीण या भूमिकांपलीकडची, स्वतःविषयी ठरवणारी सज्ञान नागरिक त्यांना क्वचितच दिसते. बालहत्या प्रतिबंधक गृहाने १८६३ मध्ये एका विधवेला जो निर्णय सोपवला होता, तो आजच्या अर्जदार स्त्रीला सोपवण्यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. अर्जाचा नमुना, कार्यालयातील वागणूक आणि अहवालाचे रकाने बदलण्यापासून त्याची सुरुवात करता येईल.